पॉलिश झालं, कोटिंग लावायचंय: मधल्या तासाभराचे प्रश्न

पाऊस ओसरला की गाडी पॉलिश करून घ्यायची आणि वर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर पक्का बसणारा पारदर्शक थर, मारायचं, ही लाट आता बेळगाव शहरातून खानापूर, निपाणी, चिक्कोडीपर्यंत पोचली आहे. कोटिंगचे किट घरपोच मिळतात, बफिंग मशीनही पुष्कळांनी घेतलंय. या खेपेला आलेली पत्रं मात्र बहुतेक एकाच जागी अडलेली दिसली: पॉलिशचं पॅड बाजूला ठेवल्यापासून कोटिंगची बाटली उघडेपर्यंतचा वेळ. म्हणून या अंकात तेवढंच घेतलंय.

प्रश्न : काळी सेडान, पाच वर्षं वापरलेली. गॅरेजमध्ये मशीनने पॉलिश करून घेतली, आरशासारखी झाली होती. कोटिंग घरी लावावं म्हणून किट मागवला. त्यातल्या छोट्या बाटलीतल्या द्रवाने बोनेट पुसलं आणि बघतो तर बारीक चरे परत दिसायलेत. द्रवाने चरे पाडले की गॅरेजवाल्याने फसवलं? (टिळकवाडी, बेळगाव)

दोन्ही शक्य आहे, आणि कोणतं झालं ते चऱ्यांच्या आकारावरून ओळखता येतं.

पॉलिश म्हणजे काय, तर घासणारे बारीक कण, पाणी आणि तेल. मशीन फिरताना पॅड कोरडं पडू नये, रंग तापू नये, म्हणून तेल लागतंच. काम संपल्यावर पाणी उडून जातं, कणांची पांढरी पूड कापडाने निघते, पण तेलाचा पातळ थर रंगावर राहतो. तो बारीक चऱ्यांत भरला की उजेड तिथे फुटत नाही, त्यामुळे चरा असूनही दिसत नाही. काही पॉलिशमध्ये चरे बुजवणारं फिलरही मुद्दाम घातलेलं असतं. वॉशिंग सेंटरवर तासाभरात होणारं ‘रबिंग-पॉलिश’ बहुतेक वेळा या जातीचं असतं. त्याला फसवणूक म्हणवत नाही, कारण पाच-सहा धुण्यांपुरती चमक हवी असेल तर तो स्वस्त आणि बरा उपाय आहे. पण त्याच्यावर कोटिंग बसत नाही.

किटमधला द्रव हे तेल काढण्यासाठीच दिलेला असतो. बोनेटवरचे चरे गोल, कोळ्याच्या जाळ्यासारखे, पत्र्यात पडलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती फेर धरलेले दिसत असतील तर ते जुनेच आहेत. तेलाखाली झाकले होते, आता उघडे पडले. चरे सरळ आणि तुमचा हात ज्या दिशेने फिरला त्याच दिशेचे असतील, तर ते पुसताना पडलेत.

खात्री करायची असेल तर अजून न पुसलेला एखादा भाग घ्या, डिकीचं झाकण चालेल. मधोमध मास्किंग टेपची पट्टी लावा. एका बाजूला द्रव फवारून नव्या कापडाने हलक्या हाताने पुसा, दुसरी बाजू तशीच ठेवा. पट्टी काढून पांढऱ्या उजेडाची एलईडी टॉर्च तिरकी धरून बघा. छताच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात, तिच्यावर विसंबू नका.

जुने चरे निघाले तर पुन्हा पॉलिश करायला हवं, आणि ते एका वेळी एकाच भागावर: दोन फूट बाय दोन फूट घ्यायचं, पॉलिश करायचं, थंड होऊ द्यायचं, पुसायचं, टॉर्च मारायची. चरे परत आले नाहीत तरच पुढच्या भागाला हात लावायचा. गॅरेजमध्ये अख्खी गाडी पॉलिश करून शेवटी एकदाच पुसतात, आणि तोवर मशीन गुंडाळून ठेवलेलं असतं. सगळा घोळ तिथेच होतो. रंगाच्या वरचा पारदर्शक क्लिअरचा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो आणि एका नेमस्त पॉलिशमध्ये त्यातला एक ते तीन मायक्रॉन जातो. म्हणजे दुसऱ्यांदा पॉलिश करायला वाव आहे, पण दरवर्षी करण्याइतका नाही. खोल चरे पूर्ण काढायच्या हट्टाने क्लिअर संपवण्यापेक्षा दोन-चार चरे राहू दिलेले बरे.

पुसतानाचे चरे असतील तर कारणं तीन. पॉलिशची पूड पॅनलवर राहिली होती, कापड जाड धाग्याचं किंवा आधी वापरलेलं होतं, किंवा द्रव कमी पडून कापड कोरडंच घासलं गेलं. काळा रंग आधीच बोलका, आणि काही गाड्यांचं क्लिअर इतकं मऊ असतं की नुसत्या जोर देण्यानेही खुणा उठतात. अशा गाडीला पॉलिशनंतर आधी साध्या, वॅक्स नसलेल्या शॅम्पूने धुऊन पूड घालवा आणि मगच पुसा. पडलेले चरे मऊ फोमच्या पॅडवर बारीक पॉलिश घेऊन एका फेरीत निघतात.

आणि आता चरे दिसत असताना ‘होऊ दे, वरून कोटिंग आहे की’ म्हणून पुढे जाऊ नका. कोटिंग पारदर्शक असतं, त्याने चरे बुजत नाहीत. पक्कं झालेलं कोटिंग पाण्याने किंवा स्पिरिटने निघत नाही, पुन्हा घासूनच काढावं लागतं.

प्रश्न : पुसायचा तयार द्रव महाग पडतो. केमिकलच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते चालेल का? प्रमाण काय? घरात सॅनिटायझरच्या बाटल्याही पडून आहेत. पेंटर म्हणतो थिनर मार, एका मिनिटात साफ. (निपाणी)

पेंटरचं ऐकू नका. थिनर तेल काढतो हे खरं, पण टचिंग केलेला रंग, बंपरचं प्लास्टिक आणि रबरी पट्ट्याही मऊ करतो. पेट्रोलचं तेच, शिवाय आगीचा धोका. रॉकेल तर स्वतःच तेलकट थर सोडतं. सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं, जेलमध्ये घट्टपणा आणणारे पदार्थ असतात. एक थर काढून दुसरा लावण्यासारखं ते होईल. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट घेणार असाल तर लेबल वाचा; कातडीसाठीच्या काही स्पिरिटमध्ये एरंडेल असतं.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, चालतं. पण बाटलीतलं जसंच्या तसं नाही. ९९ टक्क्यांचं आयपीए पॅनलवर पडताक्षणी उडून जातं, तेल सुटायला वेळच मिळत नाही, कापड कोरडं घासतं, आणि क्लिअर तात्पुरतं फुगून मऊ पडू शकतं. म्हणून पाणी मिसळायचं. एक लिटर द्रवासाठी ९९ टक्क्यांचं २५० मिली आयपीए आणि ७५० मिली पाणी. ७० टक्क्यांचं मिळालं तर ३५० मिली आयपीए आणि ६५० मिली पाणी. दोन्हीकडे जोर साधारण २५ टक्के येतो, रोजच्या कामाला तो पुरे. जाड कंपाउंड (जास्त घासणारं भरड पॉलिश) मारलं असेल तर ७० टक्क्यांचं आयपीए आणि पाणी निम्मं-निम्मं, म्हणजे ३५ टक्के. त्याच्या वर जाऊ नका.

पाणी मात्र डिस्टिल्डच, बॅटरीत घालायचं म्हणून पेट्रोलपंपावर मिळतं ते. बोअरच्या पाण्यातले क्षार आयपीए उडाल्यावर मागे राहतात आणि त्यांचेच ठिपके कोटिंगखाली कायमचे बंद होतात.

एक कमीपणा सांगायला हवा. पाणी घातलेलं आयपीए जड तेलं नीट विरघळवत नाही. ते तेल सैल करतं, उचलून न्यायचं काम कापडाचं. म्हणून एकदा पुसून भागत नाही, प्रत्येक भाग दोनदा पुसावा लागतो आणि दुसऱ्या वेळी कापडाची नवी घडी हवी. हाताला तुपासारखं तेलकट लागणारं कंपाउंड वापरलं असेल तर ‘पॅनल वाइप’ म्हणून मिळणारा तयार द्रवच घ्या. त्यात तेलं विरघळवणारे इतर घटक असतात आणि कापड सरकायला थोडा ओलावाही असतो. तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

आता पुसायचं कसं. मशीनने पॅनल तापलेलं असतं, हाताला गार लागेपर्यंत थांबा. गरम पत्र्यावर द्रव लगेच उडतो आणि तेलाचे ओघळ मागे राहतात. ३०० ते ३५० जीएसएमची (चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाची), आखूड लवीची मायक्रोफायबर कापडं घ्या. हॅचबॅकला सहा, मोठ्या गाडीला आठ-दहा. नवी असली तरी एकदा धुऊन घ्या, कारण कारखान्यातली लव आणि खळ त्यात असते. धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्याचाच मेणचट थर रंगावर येतो. कापड दोनदा दुमडलं की आठ बाजू मिळतात. कोणती वापरली हे लक्षात ठेवायची सवय लागली की अर्धं काम जमलं.

दोन फूट बाय दोन फुटांच्या भागावर दोन-तीन फवारे मारा. पाच-दहा सेकंद थांबा. सरळ रेषेत, नुसत्या हाताच्या वजनाने पुसा. गोल गोल फिरवायचं नाही, म्हणजे चुकून चरा पडला तरी डोळ्यात कमी भरतो. लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने उरलेला ओलावा टिपा. आधी छत, मग बोनेट, डिकी, दारं, आणि दाराखालची पट्टी सर्वात शेवटी. तिथलं खडीचं कण कापडात अडकलं की तेच पुढे बोनेटवर फिरतं. एका हॅचबॅकला २०० मिलीच्या आसपास द्रव लागतो.

तेल खरं लपतं ते फटींत. दाराच्या मुठीमागची वाटी, कंपनीच्या चिन्हाभोवती, पेट्रोलच्या झाकणाची कड, बोनेटची फट, वायपरखालचा भाग. सपाट जागा स्वच्छ पुसली तरी या फटींतून तेल नंतर हळूच बाहेर झिरपतं आणि कोटिंगच्या कडेला काळपट पट्टा दिसतो. जुना मऊ ब्रश त्याच द्रवात बुडवून फिरवा, खाली कापड धरा. मास्किंग टेप लावली असेल तर ती काढून तिच्या गोंदाची रेघही पुसा.

मागच्या लाल दिव्यांवर आयपीए मारू नका. ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात आणि ताणाखालच्या ॲक्रिलिकला अल्कोहोल लागलं की आत केसासारख्या चिरा पडतात. तिथे शॅम्पूचं पाणी पुरतं.

आणि आग. आयपीएची वाफ १२ अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. बंद शटरच्या आत, देवापुढे दिवा लावलेल्या गाळ्यात किंवा शेजारी वेल्डिंग चालू असताना हे काम नको. शटर उघडं ठेवा, हातात नायट्राइलचे मोजे घाला. मोज्यांचा दुसराही फायदा म्हणजे बोटांचं तेल पुसलेल्या पत्र्याला लागत नाही.

प्रश्न : नुसतं वॅक्स लावायचं असेल तरी एवढं सगळं करायचं? (शहापूर)

नाही. कार्नोबाच्या वॅक्समध्ये स्वतःचंच तेल असतं, पॉलिशचं थोडं राहिलं तरी बिघडत नाही. पूड झटकून कोऱ्या कापडाने पुसलं की लावा. सिंथेटिक सीलंट (वॅक्सच्या जागी लावायचं कृत्रिम आवरण) असेल तर एकदा हलकं पुसून घ्या, जास्त टिकतं.

प्रश्न : आमचं वर्कशॉप उद्यमबागेत, शेजारी फाउंड्री. पांढरी गाडी दिवसभर बाहेर उभी असते. अंगभर नारिंगी ठिपके आहेत. पॉलिश करूनही पुष्कळ राहिले. आता कोटिंगखाली झाकून टाकले तर चालतील का? (बेळगाव)

झाकू नका, ते खालून वाढतील. हे ठिपके म्हणजे लोखंडाचे कण. बीड (ओतीव लोखंड) घासताना उडालेला कण तापलेला असतो, क्लिअरमध्ये रुततो, मग पावसाच्या पाण्याने गंजतो. रेल्वेरुळाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांनाही हेच होतं, तिथे चाकांची आणि ब्रेकची झीज उडते. पॉलिशने कणाचं वरचं टोक झिजतं, मूळ आतच राहतं. उलट निघालेला एखादा कण पॅडमध्ये अडकला तर तो गोल चरे पाडत फिरतो.

याला ‘आयर्न रिमूव्हर’ म्हणून द्रव मिळतो. गाडी धुऊन, सावलीत, पत्रा गार असताना फवारा. कण असेल तिथे जांभळे ओघळ उतरतात. वास कुजलेल्या अंड्यासारखा येतो, तो तसाच असतो, द्रव खराब आहे म्हणून परत करायला जाऊ नका. तीन ते पाच मिनिटं ठेवा, सुकू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. तुमच्या गाडीला दोन वेळा लागेल असं वर्णनावरून वाटतं. त्यानंतरही खरखर लागली तर क्ले बार (रुतलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा), तोही शॅम्पूच्या पाण्याचा ओलावा ठेवून. हात प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घालून पत्र्यावर फिरवला की खरखर चांगली कळते.

खरा क्रम असा असतो: धुणं, डांबराचे डाग, लोखंड, क्ले, मग पॉलिश, मग पुसणं. तुम्ही पॉलिश आधी केलंत, त्यामुळे क्लेने ज्या पुसट खुणा उठतील तेवढ्यांवर बारीक पॉलिशची एक फेरी पुन्हा मारावी लागेल. ठिपक्याच्या जागी खड्डा पडला असेल तर तो राहील. पांढऱ्यावर फारसा दिसत नाही, सोडून द्या.

चिक्कोडी आणि संकेश्वर भागातून गाळप हंगामातल्या राखेविषयी दोन पत्रं आहेत, त्यांचं उत्तर इथेच देतो. चिपाडाच्या राखेत वाळूसारखा सिलिका भरपूर असतो. सकाळी तिच्यावर कोरडं फडकं मारणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. पाण्याच्या जोराने खाली उतरवा. उसाच्या ट्रॉलीमागून जाताना रस उडाला असेल तर तोही पाण्यानेच काढा. साखर पाण्यात विरघळते, आयपीएत नाही. पुष्कळ जण चिकट डागावर आयपीए मारत बसतात, तो हलत नाही आणि मग जोर लावून चरे पडतात.

प्रश्न : पॉलिश शनिवारी झालं, कोटिंग पुढच्या रविवारी लावणार. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवली आहे. पाऊस अधूनमधून चालू आहे. काही अडचण? (खानापूर)

अडचण गाडी झाकण्यातच आहे. कव्हर घातलं तेव्हा पत्र्यावर पूड आणि तेल होतं. कव्हर वाऱ्याने हललं की तांबड्या मातीची धूळ त्या तेलावर घासली जाते. आठ दिवसांची सुट्टी पडणारच असेल तर तेल असू द्या, ते तात्पुरतं आवरणच आहे, पण कव्हर नको. रविवारी आधी वॅक्स नसलेल्या शॅम्पूने धुवा, सुकवा, मग पुसा. आधीच पुसून ठेवून आठ दिवसांनी कोटिंग लावण्यात अर्थ नाही. पुसणं आणि कोटिंग यांच्यात जेवायच्या सुट्टीपेक्षा जास्त अंतर नसावं.

धुण्याला बोअर असेल तर पाणी पत्र्यावर सुकू देऊ नका, एका वेळी एकच बाजू धुऊन लगेच टिपा. शहरात नळाला येणारं राकसकोपचं किंवा हिडकलचं पाणी त्या मानाने सौम्य, तरी टिपायचंच.

पाऊस ही दुसरी गोष्ट. आयपीए उडताना पत्रा गार करतं. हवा ओली असेल तर त्या गार पत्र्यावर हवेतलं पाणी बसतं आणि पुसल्यावर धुरकट झाक येते. लोक तिला तेल समजून पुन्हा पुन्हा पुसतात. दोन मिनिटं थांबून कोरड्या कापडाने टिपलं की जाते, ती तेल नव्हे. तेलाची झाक टॉर्चखाली इंद्रधनुष्यासारखी रंगीत दिसते आणि कापडाबरोबर सरकते.

सकाळी लवकर काम करू नका. रात्री पत्रा हवेपेक्षा गार पडतो आणि त्याच्यावर दहिवर बसतं, शेडमध्येसुद्धा. दहा-साडेदहानंतर, ऊन थेट पडत नाही अशा बाजूला सुरुवात करा. सिरॅमिक कोटिंग हवेतल्या ओलाव्यावर पक्कं होतं. ओल जास्त असली की लवकर घट्ट होतं आणि पुसायला उशीर झालेल्या जागी काळपट डाग राहतात. त्यामुळे किटवर लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर तपासत राहा, आणि एका वेळी दोन फुटांपेक्षा कमीच भाग घ्या. लावल्यावर निदान २४ तास पाण्याचा थेंब नको, आठवडाभर शॅम्पू नको. तुमच्याकडे झड थांबल्याशिवाय हे जमणार नाही. आमच्या मते दसरा होऊ द्या. एप्रिल-मेमध्ये करणाऱ्यांनी वळिवाचा अंदाज घेऊन दुपारीच आटपावं.

प्रश्न : नवी गाडी, पूजेला बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नंतर धुतलं तर पिवळा डाग राहिला, शॅम्पू लावल्यावर तो तांबूसच झाला! नव्या गाडीला पॉलिश करायचं का नाही, ते पण सांगा. (वडगाव, बेळगाव)

तांबूस झाला म्हणजे शॅम्पू अल्कधर्मी होता. हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच प्रकार, रंग खराब झालेला नाही. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. वर दिलेलं २५ टक्क्यांचं मिश्रण कापडावर घ्या, पत्र्यावर फवारू नका, नाहीतर पिवळेपणा पसरेल. डागाच्या कडेकडून मधल्या बाजूला टिपत जा आणि प्रत्येक वेळी कापडाची नवी बाजू घ्या. उरलेली पुसट छटा उन्हात उभी केली की काही दिवसांत उडते, हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. बाजारच्या कुंकवात कृत्रिम रंग असतो, तो असा जाईलच असं नाही. त्याला बारीक पॉलिश लागेल.

शेंदूर तेलात कालवून लावला असेल तर ते तेल म्हणूनच वागवा, दोनदा पुसा. नारळाचं पाणी उडालं असेल तर आधी साधं पाणी.

नव्या गाडीला जाड कंपाउंड नको. पण ‘नवी आहे, थेट कोटिंग लावा’ हेही चुकीचं. यार्डात उभ्या असताना लोखंडाचे कण बसतात, वाहतुकीच्या प्लास्टिकचा गोंद राहतो, आणि डिलिव्हरीच्या दिवशी घाईत मारलेल्या फडक्याचे चरे असतात. धुणं, आयर्न रिमूव्हर, लागलं तर क्ले, मऊ पॅडवर बारीक पॉलिशची एक फेरी, आणि पुसणं. शोरूममधून ‘चमक’ म्हणून काही फवारलेलं असतं, तेही पुसण्यातच निघतं.

खंडेनवमीला दरवर्षी पूजा असणारच. कोटिंग त्याच्या निदान आठ दिवस आधी झालेलं असावं किंवा मग नंतर. आणि स्वस्तिक काचेवर काढलं तर कोणतीच भानगड नाही, काचेत काही मुरत नाही.

प्रश्न : दार ठोकरल्यामुळे डेंटिंग-पेंटिंग झालं, बारा दिवस झाले. बाकीच्या गाडीबरोबर त्यालाही पुसून कोटिंग लावू का? (हुक्केरी तालुका)

बाकीच्या गाडीला लावा, दाराला नाही. नवा रंग वरून कोरडा लागतो, पण आतला थिनर कित्येक आठवडे बाहेर पडत असतो. त्यावर कोटिंग लावलं तर त्याची वाट बंद होते; रंग धुरकट होतो किंवा फोड येतात. बूथमध्ये (रंग मारून भाजायच्या बंद खोलीत) ६० अंशांच्या आसपास भाजलेला रंग असेल तर महिनाभर थांबा. शेडमध्ये मारून वाऱ्यावर सुकवला असेल तर दोन ते तीन महिने. कसा मारला ते पेंटरला विचारा. नखाने दाराच्या आतल्या कडेला दाबून बघा, खूण उमटली तर अजून कच्चा आहे.

दारालगतच्या मडगार्डला आणि मागच्या पॅनलला कोटिंग लावताना फटीवर टेप लावा. दाराला सध्या साधं धुणं एवढंच. वेळ आल्यावर पुसताना १० ते १५ टक्क्यांचं पातळ मिश्रण वापरा आणि आधी दाराच्या आतल्या बाजूला तपासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर थांबा: एकतर वर क्लिअर मारलेलंच नाही किंवा रंग स्वस्तातला आहे. अशा रंगावर वॅक्स बरं.

प्रश्न : भांडी घासायच्या लिक्विडने धुतलं तर तेल निघतं म्हणतात. आणि कोटिंग लावताना ठिकठिकाणी द्रव फाटल्यासारखा मागे सरतो, ते का? (अथणी)

भांड्याच्या लिक्विडने थोडं निघतं, पण सगळं नाही, आणि त्यातलेच काही घटक पत्र्यावर मागे राहतात. पॉलिशचं तेल काढायला ते पुरत नाही.

द्रव मागे सरतो तिथे बहुतेक सिलिकॉन आहे. टायर पॉलिश किंवा डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे त्याच शेडमध्ये कुणीतरी मारलेला असतो आणि त्याचे बारीक थेंब हवेतून पत्र्यावर येतात. तेवढी जागा कोटिंग पक्कं व्हायच्या आत पॅनल वाइपने दोनदा पुसा, कापड टाकून द्या, मग पुन्हा लावा. पक्कं झालं असेल तर तेवढंच पॉलिश करून सुरुवातीपासून. टायरला काळं लावायचं काम कोटिंगच्या दुसऱ्या दिवशी, शेडच्या बाहेर, आणि फवारून नाही, स्पंजने.